जो जास्त ओरडतो, त्याचा हप्ता पहिला नसतो

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: वय ३९. चाकणजवळच्या एका कारखान्यात ११ वर्षं क्वालिटी विभागात नोकरी, हातात येणारा पगार ५२,००० रुपये. घरी पत्नी, शाळेत जाणारी दोन मुलं आणि आई. मोशीला घेतलेल्या फ्लॅटचं कर्ज अजून १४ लाख बाकी, हप्ता १६,८००. बँकेचं पर्सनल लोन ६.४ लाख, हप्ता १७,२००. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून ३.१ लाख. मोबाइलवरच्या चार अ‍ॅपची कर्जं १.१५ लाख, त्यांचे हप्ते महिन्याला साधारण २८,०००. पतसंस्थेचे २ लाख, हप्ता ५,६००, आणि त्याला खात्यातलेच दोन सहकारी जामीनदार. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलं होतं. तीन महिन्यांनी बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद केल्या. आता रात्रपाळी झेपत नाही, रजेवर रजा पडते, आलेली पाकिटं उघडायचं धाडस होत नाही. पत्नीला पर्सनल लोन माहीत आहे, अ‍ॅपची कर्जं नाहीत. ते विचारतात, ‘राजीनामा देऊन पीएफ आणि ग्रॅच्युइटीतून कर्ज फेडू का? की दिवाळखोरी जाहीर करून मोकळा होऊ? आजाराचं सर्टिफिकेट दिलं तर कर्ज माफ होतं का?’ आणि शेवटी एक ओळ: ‘हल्ली वाटतं, मी नसलो तर घरच्यांचं ओझं तरी कमी होईल.’

नमस्कार.

तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो. बाकीचे तिन्ही प्रश्न पंधरा दिवस थांबले तरी चालतील, ही ओळ थांबू शकत नाही. आपण घरच्यांना ओझं झालोय ही भावना नैराश्यात इतक्या जणांना येते की डॉक्टर ती आजाराचं लक्षण म्हणूनच मोजतात. ताप आल्यावर अंग तापतं, तसा या आजारात हा विचार येतो. त्या क्षणी तो अगदी हिशेबशीर वाटतो, आणि धोका तिथेच आहे. तुमच्या बाबतीत तर तो हिशेब आकड्यांनीही चुकीचा आहे, ते पुढे दाखवतो.

आज रात्री १४४१६ या क्रमांकावर फोन करा. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही पत्रात लिहिलेली ओळ तशीच्या तशी त्यांना वाचून दाखवा. विचार अगदी जवळ आला, एकटं राहणं धोक्याचं वाटलं, तर ११२ लावा किंवा पत्नीला उठवून जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. ‘असं बोललो तर पोलीस केस होईल’ ही भीती अनेकांना गप्प ठेवते. मनात असा विचार येणं आणि तो बोलून दाखवणं हा गुन्हा नाही. तुमच्या उपचारांची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुम्हाला दिलेला आहे.

आणि पत्नीला सांगा. अ‍ॅपचं कर्ज लपवून तुम्ही तिला वाचवत आहात असं तुम्हाला वाटतंय. पण वसुलीचा फोन एक ना एक दिवस तिच्या नंबरवर जाणारच. तेव्हा तिला कर्ज आणि लपवाछपवी या दोन्ही गोष्टी परक्या माणसाकडून कळतील. सांगताना आधी तब्येतीचं सांगा, मग पैशाचं. सगळी कर्जं एकाच बैठकीत सांगा, एकही मागे ठेवू नका. आठ दिवसांनी अजून एक कर्ज निघालं, तर पहिल्या दिवशी जे खरं सांगितलं होतं त्यावरचाही विश्वास उडतो.

आता उपचार. तुम्ही लिहिलंय, ‘गोळ्यांनी कायमचा फरक पडला नाही.’ त्या तीन महिन्यांत सुटल्या, म्हणून पडला नाही. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, काहींना सहा. पूर्ण बरं वाटल्यावरही पहिल्या खेपेला त्या साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवायच्या असतात. आजार दुसऱ्यांदा उलटला असेल, तर डॉक्टर आणखी मोठी मुदत सांगतात. बरं वाटलं म्हणून मधेच थांबणं हे आजार परतण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून त्याच गोळ्या परत सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा बेचैनी वाढू शकते, शिवाय मन सुधारण्याआधी अंगात हुशारी येते. तो काळ जपण्याचा असतो, म्हणून पहिले दोन महिने गोळ्या पत्नीच्या ताब्यात असू द्या.

डॉक्टरांना एक गोष्ट न विचारताही सांगा. गेल्या काही वर्षांत असे दिवस आले होते का, की दोन-तीन तास झोपूनही थकवा नव्हता, बोलणं वाढलं होतं, खरेदी किंवा नव्या धंद्याच्या कल्पना सुचत होत्या, आणि कार्ड भरभरून वापरलं गेलं? तसं असेल तर हा आजार नुसतं नैराश्य नसून बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी अतिउत्साह आणणारा, असू शकतो. त्यात फक्त नैराश्याची गोळी दिली तर उलट उसळी येऊ शकते, त्यामुळे औषधच वेगळं लागतं. कर्जात सापडलेल्या माणसाच्या बाबतीत हा प्रश्न खूप महत्त्वाचा आहे आणि घाईच्या ओपीडीत तो राहून जातो. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन आणि साखर या तपासण्याही करून घ्या. दारू चालू असेल तर किती, ते खरं सांगा.

खर्चाचं म्हणाल, तर पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, औंधचं जिल्हा रुग्णालय आणि ससून या तिन्ही ठिकाणी मानसोपचाराची ओपीडी आहे. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही दाखल न होता बाह्यरुग्ण म्हणून तपासणी होते. नाव ऐकून दचकू नका. पुणे जिल्ह्याबाहेरच्या वाचकांनी आपल्या जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करावी. सरकारी ठिकाणी बरीच औषधं मोफत मिळतात. बाहेरून घ्यावी लागली तर जनऔषधी केंद्रात तीच जेनेरिक औषधं बरीच स्वस्त पडतात. जाताना आधार कार्ड, जुनी फाइल आणि पत्नी, तिन्ही बरोबर असू द्या.

आता पैशाकडे येऊ. एक वही घ्या आणि महिन्याला तुमच्याकडून किती मागितलं जातंय ते लिहा. घराचा हप्ता १६,८००, पर्सनल लोन १७,२००, कार्डांची किमान रक्कम पाच टक्क्यांनी धरली तर १५,५००, अ‍ॅप २८,०००, पतसंस्था ५,६००. बेरीज ८३,१००. पगार ५२,०००. अजून घरात किराणाही आलेला नाही. किराणा-गॅस ९,०००, शाळा ३,५००, वीज, फोन आणि सोसायटी मिळून ३,५००, प्रवास २,५००, आईची औषधं १,५००, तुमचे उपचार १,५००, असा अगदी काटकसरीचा संसार धरला तरी २१,५०० होतात. म्हणजे महिन्याला लागतात १,०४,६०० आणि येतात ५२,०००. ही तफावत आजवर एका अ‍ॅपचं घेऊन दुसऱ्याचं भरण्यातून झाकली गेली. तुम्ही स्वतःला बेशिस्त आणि नालायक म्हटलंय. हा आकडा कुणाच्याही शिस्तीने भागणारा नाही. काही हप्ते थकणार हे ठरलेलंच आहे. तुमच्या हातात एवढंच आहे, की कुठले थकणार ते तुम्ही ठरवायचं की ओरडणारे एजंट ठरवणार.

आत्तापर्यंत ते एजंटच ठरवत आलेत. अ‍ॅपवाला दिवसातून वीस फोन करतो म्हणून त्याचे पैसे आधी जातात. पतसंस्थेचे सचिव ओळखीचे, ते गप्प बसतात म्हणून तिथला हप्ता राहतो. क्रम नेमका उलटा हवा. हप्ता चुकला तर खरोखर काय होतं, यावर तो ठरतो.

या कसोटीवर औषधं आणि घरातलं जेवण सगळ्यात वर. त्यानंतर घराचं कर्ज. ते तारणी आहे आणि ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, होतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन बँक दिवाणी दावा न लावताही घराचा ताबा घेण्याच्या मार्गाला लागू शकते. त्यानंतर लगेच पतसंस्था. हे अनेकांना पटत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली पतसंस्थेला निबंधकांकडून वसुलीचा दाखला मिळतो. त्याचं वजन कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकं असतं, आणि तो नेहमीच्या दिवाणी दाव्यापेक्षा खूप लवकर हातात पडतो. मग वसुली अधिकारी कलम १५६ खाली थेट जप्ती करू शकतो. तुमच्यावर, आणि दोन्ही जामीनदारांवरही. तुमच्या शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्या माणसाचा पगार तुमच्यापायी कापला गेला, तर त्याचा तुमच्या मनावर काय परिणाम होईल ते तुम्हीच जाणता. हा हप्ता चुकवू नका.

हे तीन बाजूला काढल्यावर ८,१०० उरतात. २,१०० वेगळ्या खात्यात ठेवा. मूल आजारी पडलं की परत अ‍ॅप उघडायची वेळ येऊ नये म्हणून. राहिले ६,०००. ते सात ठिकाणी थोडे थोडे वाटू नका, तसं केलं तर कुठलंच खातं सुधारत नाही. अधिकृत अ‍ॅपपैकी जे सगळ्यात लहान आहे ते पुरतं मिटवा, मग दुसरं.

अधिकृत कोणतं, ते असं ओळखा. कर्ज देताना आलेल्या मुख्य माहिती पत्रकावर कुठल्या बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं नाव आहे ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अशा अ‍ॅपची यादी असते, तिथे नाव शोधा. नियमाप्रमाणे पैसे कर्जदार आणि त्या संस्थेच्या खात्यांतच थेट फिरायला हवेत, आणि अ‍ॅपला तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो बघायची मुभा नाही. संस्थेचं नावच नसेल, सात दिवसांची मुदत असेल, नातेवाइकांना फोटो पाठवायची धमकी असेल, तर तो गुन्हा आहे. आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा, मग अ‍ॅपच्या परवानग्या बंद करा आणि १९३० वर तक्रार नोंदवा. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवरही तक्रार करता येते. अशांना ‘एकदाचं मिटू दे’ म्हणून पैसे दिले की नवा आकडा येतो.

पर्सनल लोन आणि कार्डं मात्र या काळात थकतील. काय होईल ते आधीच माहीत असलेलं बरं. फोन वाढतील, सिबिल स्कोअर खाली येईल, ९० दिवसांनी खातं एनपीए होईल, वकिलाची नोटीस येईल, पुढे लवाद किंवा दिवाणी दावा होऊ शकतो. विनातारण कर्जासाठी कोर्टाच्या हुकमाशिवाय कुणी घरातला फ्रीज उचलून नेऊ शकत नाही. हुकूमनामा झाला तरी पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने सुरक्षित आहेत. ५२,००० धरून पाहिलं तर जप्त होऊ शकेल असा भाग जास्तीत जास्त १७,०००. पीएफ, ग्रॅच्युइटी, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी यांना हात लावता येत नाही. प्रामाणिकपणे पैसे नाहीत म्हणून कुणाला दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितलेलं आहे.

एक अपवाद मात्र पाठ करून ठेवा. कर्जापोटी दिलेला चेक किंवा खात्यातून आपोआप जाणारा हप्ता पैसे नसल्याने परत गेला, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ किंवा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ लागू शकतं. ही फौजदारी बाब आहे. नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवसांची मुदत असते. कर्जदाराच्या दारात पोलीस येतात ते बहुतेकदा इथूनच, कारण समन्स न उघडता पडून राहतं, तारीख चुकते आणि वॉरंट निघतं. तारखेला हजर राहणाऱ्यावर ती वेळ सहसा येत नाही. म्हणून ती न उघडलेली पाकिटं. तुम्ही उघडू नका, पत्नीला किंवा भावाला उघडू द्या. रविवारी सकाळी अर्धा तास पुरे. ज्यावर कोर्टाचं नाव किंवा तारीख आहे ती एका बाजूला, बाकी सगळी दुसऱ्या बाजूला. पहिला गठ्ठा घेऊन जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, मानसिक आजारासह अपंगत्व असलेल्या व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेतले लोक यांना तिथे मोफत वकील मिळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या शिक्क्याच्या ‘अटक वॉरंट’ला घाबरून पैसे पाठवू नका, तेही त्यांना दाखवा.

पगाराचं खातं कुठे आहे हेही बघा. ज्या बँकेचं पर्सनल लोन किंवा कार्ड आहे तिथेच पगार जमा होत असेल, तर थकबाकी वळती करून घेण्याचा हक्क बँक वापरू शकते, आणि मग महिन्याच्या ८ तारखेला किराण्यालाही पैसे उरत नाहीत. कर्ज नसलेल्या बँकेत खातं काढा, कंपनीला पगार तिथे टाकायला सांगा, आणि घराचा व पतसंस्थेचा हप्ता त्या खात्यातून जाईल अशी व्यवस्था करा.

हप्ता थकण्याआधी पर्सनल लोनच्या आणि कार्डांच्या बँकांना पत्र द्या. ईमेल चालेल, पण पोच हवी. एक पान पुरे. ‘आजारपणामुळे माझं उत्पन्न घटलं आहे, उपचार चालू आहेत. माझा पगार इतका, घरखर्च आणि घरकर्ज इतकं, इतर देणी इतकी. तीन महिने वसुली थांबवावी, दंडव्याज लावू नये आणि त्यानंतर मुदत वाढवून हप्ता कमी करून द्यावा. संपर्क फक्त याच नंबरवर आणि लेखी करावा.’ सोबत हिशेब जोडा. पर्सनल लोनची मुदत सात वर्षांपर्यंत वाढली, तर १५ टक्के व्याजाने हप्ता १२,३५० च्या आसपास येईल. तोही आज झेपणारा नाही, पण पत्राची नोंद पुढे लवादात आणि लोकअदालतीत उपयोगी पडते. वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, नातेवाइकांत बदनामी करायची नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलेलं आहे. नाव, एजन्सी आणि अधिकारपत्र मागा, फोन रेकॉर्ड करा, बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

सर्टिफिकेटने कर्ज माफ होत नाही. उलटी भीती असेल तर तीही काढून टाका. मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणूस कायद्याने ‘विकल मनाचा’ ठरत नाही. तो निर्णय फक्त सक्षम न्यायालयच देऊ शकतं. बँकेला निदान सांगायची गरज नाही, ‘वैद्यकीय उपचार चालू’ एवढं पुरतं. ते सर्टिफिकेट कामाला येईल कारखान्यात. डॉक्टरांकडून ‘रात्रपाळी टाळावी’ अशी शिफारस मागा. झोपेचं चक्र मोडणं या आजाराला थेट खतपाणी घालतं आणि बायपोलरमध्ये तर फारच. टाइम ऑफिसमध्ये साठलेली पगारी रजा किती ते विचारा आणि दोन-तीन आठवड्यांची सलग रजा रीतसर घ्या. अधूनमधून न सांगता घेतलेल्या दांड्यांनी नोकरी जाते, अर्ज आणि दाखला देऊन घेतलेल्या रजेने सहसा नाही. न कळवता सलग गैरहजर राहिल्यास स्थायी आदेशांखाली, म्हणजे कारखान्याच्या सेवानियमांखाली, नोकरीवरचा हक्क संपू शकतो. पगार २१,००० पर्यंत असलेल्या वाचकांनी ईएसआयकडे (कर्मचारी राज्य विमा) जावं. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो.

राजीनामा? नको. आजारात दिलेले राजीनामे बरं झाल्यावर सहसा परत घेता येत नाहीत. पगार थांबेल, कंपनीचा आरोग्य विमा जाईल आणि घराचा हप्ताही थकेल. आणि पीएफचं नीट बघा. आज तुमच्या पीएफमधल्या ६ लाखांना कुठलाही सावकार हात लावू शकत नाही. ते काढून कार्डावर भरले की सुरक्षित पैसा असुरक्षित कर्जात विरून जातो. ३.१ लाखांच्या कार्डबाकीवर महिना साडेतीन टक्क्यांनी १०,८५० व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,९५३ होतो. तुम्ही किमान रकमेचे १५,५०० भरता, त्यातून मुद्दल फिटतं फक्त २,६९७.

राहिली दिवाळखोरी. कंपन्यांसाठी गाजलेल्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झालेला आहे. तुमच्यासारख्या नोकरदाराला अजूनही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे, अर्ज जिल्हा न्यायालयात. मुंबई शहरात १९०९ चा कायदा आणि उच्च न्यायालय. नादार ठरणं गुन्हा नाही आणि त्यात कलंकही नाही. पण त्यात होतं असं, की तुमची मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, घरावरचा बँकेचा बोजा तसाच राहतो आणि जामीनदार सुटत नाहीत. मुक्ततेचा हुकूम मिळेपर्यंत नादारी न सांगता ५० रुपयांची उधारी करणंसुद्धा गुन्हा ठरतो, निवडणूक लढवता येत नाही. मुक्तता देताना उधळपट्टी झाली होती का हेही कोर्ट तपासतं. नोकरी नाही, घर नाही, दावे मात्र चारी बाजूंनी, अशा माणसाला हा मार्ग खरोखर उपयोगी पडू शकतो. कुणी ‘आधी घर भावाच्या नावावर कर’ असा सल्ला दिला, तर ऐकू नका. नादारीच्या आधीच्या दोन वर्षांतली अशी हस्तांतरं कोर्ट रद्द करू शकतं.

पण तुम्ही नादार आहात का? तुम्ही लिहिलंय, मोशीत तुमच्याच इमारतीत तसाच फ्लॅट ३८ लाखांना गेला. पीएफ ६ लाख. मिळून ४४ लाख. सगळी देणी १४ अधिक १२.६५, म्हणजे २६.६५ लाख. आजही तुमच्या बाजूला १७ लाखांहून जास्त उरतात. तुमच्याकडे महिन्याची रोकड नाही, पण तुम्ही बुडालेले नाही. मी हिशेब चुकीचा म्हटलं होतं, तो हा.

यातून तुम्ही न लिहिलेला पर्याय समोर येतो, फ्लॅट विकण्याचा. वाचून धस्स झालं असेल. ३८ मधून गृहकर्ज जाऊन २४ लाख उरतात. त्यातून बाकीची सगळी देणी फिटून, वाढलेलं व्याज आणि व्यवहाराचा खर्च जाऊनही आठ-नऊ लाख हातात राहू शकतील. पीएफ शाबूत राहील आणि राहायला भाड्याचं घर. दुसरा मार्ग गृहकर्जावर टॉप-अपचा, म्हणजे त्याच घराच्या तारणावर वाढीव कर्ज घेण्याचा. १२.६५ लाख १० टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता १३,६०० च्या आसपास, म्हणजे महिन्याच्या शेवटी शंभर रुपये उरतील. शिवाय आज ज्या कर्जांना घर तारण नाही, ती सगळी घरावर चढतील. कार्डं परत भरली तर वाचवायला काही उरणार नाही. माझं मत विक्रीच्या बाजूने झुकतं. पण आज विकू नका. आत्ताच्या मनःस्थितीत तुम्ही पहिल्या एजंटच्या पहिल्या भावाला होकार द्याल. घाईच्या विक्रीत दहा टक्के गेले तर ३.८ लाख जातात, आणि तीन महिने थांबलात तर कार्डांचं व्याज आणि कर मिळून ३८,००० च्या आसपास वाढतील. तेवढी किंमत देऊन डोकं शांत झाल्यावर पत्नीसोबत बसून ठरवणं परवडतं. तोवर बँकेकडून गृहकर्जाचं पूर्ण परतफेडीचं पत्रक मागवा. बदलत्या व्याजदराचं कर्ज असेल तर मुदतीआधी फेडण्याचा दंड लागत नाही. दोन-तीन ठिकाणी भाव विचारून ठेवा.

कार्डवाले पुढे ‘सेटलमेंट’ देतील. फोनवरच्या शब्दावर एक रुपयाही देऊ नका. रक्कम, तारीख, खातं आणि ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेलं बँकेचं पत्र आधी, पैसे फक्त कर्जखात्यात, आणि नंतर ना-देय दाखला. एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही. ‘सेटल्ड’ असा शेरा सिबिलमध्ये काही वर्षं राहील. तुम्हाला इतक्यात नवं कर्ज घ्यायचंच नाही, तेव्हा त्याची चिंता नको. लोकअदालतीत बोलावलं तर जा, पण झेपणार नाही अशा हप्त्यावर सही करू नका. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखा बजावता येतो आणि त्यावर अपील नसतं. ज्या वाचकांची विनातारण कर्जं खूप जुनी आहेत, तीन वर्षांत ना पैसे भरलेत ना लेखी कबुली दिली आहे, त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय ‘टोकन’ म्हणून काहीही भरू नये.

आणि तुमचे ते दोन जामीनदार. पतसंस्थेचा चुकलेला हप्ता भरल्यावर त्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत दोघांना बाजूला घ्या. आजाराचं सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. बाकी कितीही हप्ते थकले तरी हा थकणार नाही, एवढं सांगा, आणि दर महिन्याला पावतीचा फोटो दोघांना पाठवत जा.